वहिनीच्या नावानं उघडलेलं दार

लातूरकडे भूकंप झाला, त्यानंतरचा हिवाळा. परभणीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होते. पुण्याला वर्षभराचा कोर्स करून नुकतीच परत आले होते आणि सी भाषेत प्रोग्राम लिहिता येणारी मुलगी म्हणून नात्यागोत्यात माझं जरा कौतुक होतं. कौतुक म्हणजे काय, तर मावशीचा रेडिओ बिघडला की तो माझ्याकडे यायचा.

भूकंपाच्या वेळी आमच्या जिल्ह्यातून लोकांनी रांगा लावून रक्त दिलं होतं. पण दिवाळीनंतर जिंतूरला एका बाळंतिणीला रक्त लागलं, तेव्हा कुणाचा गट कोणता हे कुणालाच सांगता येईना. शेवटी कसंबसं निभावलं. मग परभणीच्या दोन-तीन डॉक्टरांनी आमच्या क्लासच्या सरांना गाठलं. म्हणाले, रक्तदात्यांची नावं, गावं आणि गट कॉम्प्युटरवर ठेवता येतील का? सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खरं काम. क्लासमध्ये व्याजाची गणितं सोडवणारे प्रोग्राम पुष्कळ लिहिले होते, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं काही लिहायला मिळालं नव्हतं.

प्रोग्राम लिहिला. तो तीन ठिकाणी चालायचा: आमच्या क्लासमध्ये, सेलूच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात, आणि जिंतूरच्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात. या तिघांकडेच तेव्हा मशीनं होती. नुसतं बघायचं असेल तर कुणीही बघावं. पण गट बदलायचा, नवं नाव भरायचं, तर आधी आपलं नाव आणि मग पासवर्ड टाकायचा, अशी मी व्यवस्था केली होती.

आता हे नाव-पासवर्ड विचारणं, पडद्यावर चौकटी काढणं, रकाने भरून घेणं मी स्वतः लिहिलं नव्हतं. त्यासाठी क्लासनं हैदराबादच्या एका छोट्या कंपनीचं पॅकेज आणलेलं होतं. पॅकेज म्हणजे दुसऱ्या कुणी तरी आधीच लिहून ठेवलेले प्रोग्रामचे तुकडे. आपण फक्त ते आपल्या प्रोग्रामात जोडायचे. शेजारणीनं कुटलेला मसाला आपल्या कालवणात घालावा तसं. चव चांगली आली की आत काय काय आहे ते कोण विचारतं?

नावं भरायच्या कामाला मी वहिनीला घेतलं होतं. माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर जिंतूरजवळच्या चारठाण्याचं, बी.कॉम. झालेली, लग्नाला तीन वर्षं झालेली, आणि घरात बसून कंटाळलेली. कीबोर्डवर तिची बोटं माझ्यापेक्षा लवकर फिरायला लागली होती. तिचा एक हट्ट मात्र होता. लग्नानंतर माहेरचं आडनाव सोडायला ती तयार नव्हती आणि सासरचं टाकणंही तिला बरं वाटत नव्हतं. म्हणून ती दोन्ही लावायची. त्यात सुरुवातीला सौभाग्यवती, मग स्वतःचं नाव, मग माझ्या भावाचं नाव, तेही पुढं राव लावून. तिची सही बघून बँकेतला माणूस हसला होता म्हणे.

त्या दुपारी क्लासमध्ये आम्ही दोघीच होतो. मी फळ्यावर संध्याकाळच्या बॅचसाठी काही लिहीत होते. मागून वहिनीचा आवाज आला.

"वन्सं, आज पासवर्ड न्हाई विचारला ह्यानं."

"दिला असेल तुम्ही, लक्षात नसेल," मी न वळता म्हणाले.

"न्हाई ओ. मी नुसतं नाव टाकलं. पूर्ण. अन् एकदम आतच गेलं की!"

मी वळले. पडद्यावर गट बदलायची चौकट उघडी होती. मी म्हटलं, बंद करा, परत टाका. तिनं परत टाकलं. एरवी ती फक्त स्वतःचं नाव आणि एक आडनाव टाकायची. त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, सगळं टाकलं होतं. सौभाग्यवतीपासून दुसऱ्या आडनावापर्यंत, इंग्रजी अक्षरांत. एंटर दाबलं. पासवर्डचा चौकोन आलाच नाही. दार उघडं.

"मी काय बिघडवलं का?" वहिनी घाबरून उठायलाच लागली.

"बसा, बसा! उठू नका!" मी अशी ओरडले की खालच्या भांड्यांच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन वर बघून गेला.

मी घाबरले नव्हते. लहानपणी विहिरीत वाकून बघताना आत काहीतरी हललेलं दिसावं, तसं झालं होतं. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली. आम्ही नाव एकेक अक्षर कमी करत गेलो. एका ठिकाणी आल्यावर मशीन शहाण्यासारखं पासवर्ड विचारू लागलं. एक अक्षर वाढवलं की परत दार उघडं. पुन्हा कमी, पुन्हा बंद. पुन्हा जास्त, पुन्हा उघडं. आम्ही दोघी लहान पोरींसारख्या ते दार उघडत-लावत बसलो.

मग मला उमगलं. पॅकेजच्या आत नावासाठी चाळीस अक्षरांची जागा राखलेली होती. नाव त्याहून मोठं झालं तर थांबवायचं, हे लिहिणारा विसरला होता. पायलीत मावत नाही तरी ज्वारी ओततच राहिलं, तर ती कुठं जाईल? शेजारी जे असेल त्यात सांडेल. आणि या नावाच्या जागेच्या अगदी शेजारी मशीननं काय ठेवलं होतं, तर 'पासवर्ड बरोबर आला का' याची खूण. तिथं शून्य असेल तर दार बंद. शून्य सोडून दुसरं काहीही असेल तर दार उघडं. वहिनीच्या दुसऱ्या आडनावाची शेवटची अक्षरं जाऊन बरोबर त्या खुणेवर पडत होती.

मी फळ्यावरचं सगळं पुसलं आणि चौकोन काढून वहिनीला ते समजावलं. तिनं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"म्हंजे कुणीबी नुसतं लांबलचक नाव टाकलं, तर कुणाचाबी गट बदलू शकतंय?"

"हो."

"मंग आपण इथं हसत काय बसलाव?"

संध्याकाळी सर आले. साधे, सज्जन गृहस्थ. क्लास चालावा, पोरं शिकावीत, गावात नाव राहावं, एवढीच त्यांची इच्छा. मी त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे बघ, कोणाला सांगू नकोस. डॉक्टर लोकांचा विश्वास उडेल. आणि इतकं लांब नाव टाकतं कोण?"

"मी टाकते की!" वहिनी मागून म्हणाली.

सर हसायलाच लागले. म्हणाले, "बरं. हैदराबादला फोन लाव."

दुसऱ्या दिवशी स्टेशन रोडवरच्या एसटीडी बूथमध्ये मी आणि वहिनी त्या काचेच्या खोक्यात कशाबशा मावलो. मीटरचे लाल आकडे पुढं पळत होते. पलीकडून एका तरुण इंजिनिअरचा आवाज आला. मी माझ्या हिंदीत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तो म्हणेल असं होऊच शकत नाही. तो शांतपणे म्हणाला,

"हौ हौ, मालूम है. वो पुराने वाले में है ना. नये में हम लोगां बंद कर दिए."

"नया कब आया?"

"अरे, उसको तो बहुत दिन हो गए. आपको किसी ने बोला नै?"

माझा पारा चढला. बहुत दिन! दार उघडं आहे हे यांना ठाऊक, कुलूप तयार करून ठेवलेलं, आणि आम्हाला कुणी एक पोस्टकार्डसुद्धा टाकलं नाही! मी तसं बोलले. माझं हिंदी रागात फार वाईट होतं. मी म्हटलं, यहाँ खून का मामला है. तो एकदम घाईघाईनं म्हणाला, "खून? किसका खून हुआ?"

वहिनीनं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि रक्तदान, रक्तगट, दवाखाना असं नीट समजावलं. त्यावर तो माणूस खरोखर हळहळला. टपालानं फ्लॉपी पाठवली तर वाकून येते, मोडून येते, नक्को, म्हणाला. त्याची खाला, म्हणजे मावशी, परवा गाडीनं औरंगाबादला निघणार होती. बायकांच्या डब्यात असेल. परभणी स्टेशनवर गाडी थांबली की हाक मारा, ती फ्लॉपी देईल.

"पहचानेंगे कैसे?" वहिनीनं विचारलं.

"आप नै पहचानेंगे, वो पहचान लेगी," तो म्हणाला.

त्या दिवशी आम्ही दोघी गाडीच्या बऱ्याच आधी प्लॅटफॉर्मवर जाऊन उभ्या राहिलो. पेपरच्या स्टॉलवर विद्यापीठाच्या नामांतराची बातमी मोठ्या अक्षरांत होती आणि चार जण तिथं उभ्या उभ्या वाद घालत होते. आमचं लक्ष रुळांवर. गाडी आली, आणि बायकांचा डबा आमच्या अंदाजाच्या पार उलट्या टोकाला! साडीचा पदर खोचून वहिनी पळत सुटली, मी मागं. खिडकीतून एक जाडजूड बाई अर्धी बाहेर वाकून ओरडत होती, "कंप्यूटर वाली! अगे, कंप्यूटर वाली कौन है?"

"मी! हम!" आम्ही दोघी एकदमच.

त्या खालानं आधी आपली पर्स उघडली. पर्सची झडप लोहचुंबकाची होती. ती टक्कन उघडली आणि माझ्या काळजात टक्क झालं. फ्लॉपीचं आणि लोहचुंबकाचं वैर मी रोज मुलांना शिकवत होते. त्या पर्समधून तिनं काळी चौकोनी फ्लॉपी काढून माझ्या हातात दिली. "बहुत संभाल के लाई, देखो. पर्स में, सीने से लगा के." मी काय बोलणार! मी शुक्रिया म्हटलं. गाडी हलली. तेवढ्यात तिला आठवलं. "ठैरो, ठैरो! दूसरी बी है!" तिनं सीटखालून जेवणाच्या डब्याची पिशवी ओढली, वरचा पुडा उचकटला आणि दुसरी फ्लॉपी बाहेर फेकल्यासारखी केली. वहिनीनं गाडीबरोबर चार पावलं पळत ती झेलली. कांद्या-मसाल्याचा असा घमघमाट आला त्या पाकिटाला, की वहिनी म्हणाली, "वन्सं, कॉम्प्युटरला भूक लागंल आता."

क्लासमध्ये येऊन आधी पर्समधली लावली. मशीन खरखरलं, थांबलं, परत खरखरलं. मग पडद्यावर ती ओळ आली, अबॉर्ट, रिट्राय, फेल. मी रिट्राय दाबलं. परत तीच. दहा वेळा दाबलं तरी तीच. पर्सनं आपलं काम केलं होतं. मग श्वास रोखून डब्याच्या पिशवीतली लावली. खर्रर्र. खर्रर्र. फाइलींची नावं एकाखाली एक सरसर उतरली. त्या इंजिनिअरनं दोन कॉप्या करून खालाला दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायला सांगितल्या होत्या. त्याला मी मनातल्या मनात सगळं माफ केलं.

मला वाटलं होतं, जुनं काढलं, नवं घातलं, झालं. प्रोग्राम कंपाइल करायला, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायला लावला, तर एररांची ही रांग! वहिनीचा चेहरा उतरला. "हे तर अजून बिघडलं की." पण मी एरर वाचल्या आणि मला आनंदानं हसूच आलं. नव्या पॅकेजमध्ये नाव विचारायचं असेल, तर आधी सांगावं लागत होतं, तुझ्याकडे जागा किती? ते सांगितल्याशिवाय ते पुढं जायलाच तयार नव्हतं. म्हणजे पायली किती मोठी ते आधी बोला, मग ज्वारी ओततो. मशीन चूक दाखवत नव्हतं. जिथं जिथं धोका होता तिथं तिथं बोट ठेवत होतं. वहिनी पडद्यावरच्या ओळी वाचून दाखवायची, मी दुरुस्त करायची. चहा दोनदा येऊन थंड झाला. दिवेलागणीच्या सुमाराला शेवटची एरर गेली.

"टाका तुमचं नाव," मी वहिनीला म्हटलं.

तिनं हात पदराला पुसले. सौभाग्यवतीपासून सुरुवात केली. चाळिसाव्या अक्षराला मशीननं पीं असा आवाज केला आणि पुढचं अक्षर घेतलंच नाही. तिनं परत दाबलं. पीं. जोरात दाबलं. पीं! सर त्यांच्या खोलीतून बाहेर आले. वहिनी त्यांना म्हणाली, "बघा सर, माझं माहेर तोडलं ह्यानं!" आणि आम्ही तिघंही टाळ्या वाजवायला लागलो.

पण ते एकच मशीन झालं होतं. सेलू आणि जिंतूरला दार अजून उघडंच होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही दोघी सेलूला निघालो. माझ्या पिशवीत दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये दाबून ठेवलेल्या फ्लॉप्या, आणि लोहचुंबक असलेलं काही नाही ना म्हणून वहिनीनं आपली पर्ससुद्धा घरी ठेवलेली.

सेलूत कापसाचा हंगाम ऐन भरात होता. जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या रस्त्याच्या वळणापर्यंत लागलेल्या, हवेत कापसाचे तंतू तरंगत असलेले, बोललं तरी तोंडात जायचे. ऑफिसातलं मशीन एक वयस्कर कारकून सांभाळायचे. त्यांना मी सांगितलं, प्रोग्राम बदलायचाय.

"कशाला ओ ताई? छान चालायलंय की. चालत्या गाडीला कशाला खीळ घालायलात?"

"काका, यात एक गडबड आहे. पासवर्ड न विचारता आत जाता येतं."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना आज सूर्य उगवला म्हणून सांगितलंय.

"पासवर्ड? आमच्याकडं तर कवाच विचारत न्हाई."

वहिनीनं आणि मी एकमेकींकडे बघितलं. "काका, तुम्ही नाव कसं टाकता? दाखवा बरं."

काका खुर्चीत ताठ बसले. एका बोटानं, ऑफिसातला अर्ज लिहावा तसं, आधी श्री, मग पूर्ण नाव, मग हुद्दा, मग जिनिंग फॅक्टरी, मग मुक्काम पोस्ट सेलू. एंटर. दार उघडं. पहिल्या दिवसापासून ते रोज असेच आत जात होते, आणि प्रोग्राम असाच असतो असं त्यांना वाटत होतं!

पण खरा धक्का पुढं होता. काका पानं उलटायला अधिकची आणि उण्याची बटणं दाबायला लागले. नुसतं बघायच्या चौकटीत ती बटणं पान उलटायची, ते मीच ठेवलं होतं. बदलायच्या चौकटीत मात्र कर्सर रक्तगटाच्या रकान्यावर असला, की तीच बटणं पान न उलटता गटापुढचं अधिक किंवा उणे बदलायची.

"कधी कधी पान उलटत न्हाई," काका म्हणाले, "मंग मी चार-चारदा दाबतो."

हे चार-चारदा दाबणं किती जणांच्या नावावर झालं असेल? आणि सेलूची फ्लॉपी दर महिन्याला एसटीनं जिंतूरला जायची. म्हणजे तिथंही तेच पोचलं होतं.

"काका, उठा जरा," मी म्हटलं. खुर्चीत बसले ती दुपारपर्यंत उठलेच नाही. आधी नवं पॅकेज जोडलेला प्रोग्राम चढवला. मग परभणीहून आणलेली मूळ यादीची फ्लॉपी आणि इथली, दोन्ही शेजारी शेजारी ताडून बघणारा छोटासा प्रोग्राम तिथंच लिहिला. इतकं भराभर मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. वहिनी माझ्या खांद्यावरून बघत होती आणि एखादा कंस सुटला की बोट टेकवायची. चालवला. एक नाव आलं. मग दुसरं. बोटांवर मोजण्याइतकीच निघाली, पण निघाली. चारठाण्याच्या एका शेतकऱ्याचं ओ पॉझिटिव्हचं ओ निगेटिव्ह झालं होतं. जिंतूरच्या एका कापड दुकानदाराचं ओ निगेटिव्ह होतं, ते पॉझिटिव्ह झालं होतं. सगळी मुळाप्रमाणे नीट केली.

काका खुर्चीमागं हात बांधून उभे होते. त्यांचा चेहरा पडला होता. वहिनीनं ते पाहिलं. "काका, तुमची काय चूक? दारच उघडं होतं. तुमी नसता गेलाव, तर आमाला कळलंबी नसतं." मग तिनं त्यांना नवा प्रोग्राम शिकवला. त्यांनी मुक्काम पोस्टपर्यंत जायचा प्रयत्न केला, मशीननं पीं केलं, आणि ते दचकून म्हणाले, "लय शहाणं झालं की हे!"

सेलूहून जिंतूरला एसटीनं गेलो. वाटेत चारठाण्याच्या फाट्याला गाडी थांबली, तेव्हा वहिनीनं खिडकीतून गावाकडे पाहिलं, पण उतरायचं नाव काढलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्याला आली होती. मला भूक लागली होती हे मला जिंतूर आल्यावर कळलं.

दवाखान्यात पाऊल टाकलं तर डॉक्टरीणबाई स्वतः मशीनसमोर उभ्या. आत एक बाई बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, पण रक्त थांबत नव्हतं. ओ निगेटिव्ह पाहिजे होतं.

"बरं झालं आलात. हा बघा, चारठाण्याचा एक दाता दाखवतंय. जीप पाठवतेय त्याला आणायला."

"थांबा!" मी दारातूनच ओरडले. "तो ओ निगेटिव्ह नाहीये!"

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी एका दमात सगळं सांगितलं. पिशवी उघडली, फ्लॉपी लावली, जुनं काढून नवा प्रोग्राम आणि दुरुस्त केलेली यादी चढवायला लागले. निम्मी फाइल चढली असेल, आणि लाईट गेली. पडदा काळा. जुनं गेलेलं, नवं अर्धवट. बाहेर जीप सुरू करून ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

कापड दुकानदार, कापड दुकानदार, असं मी म्हणत होते, पण त्याचं नाव काही केल्या आठवेना. जिंतूरच्या बाजारात कापडाची दुकानं काय कमी होती? वहिनीलाही आठवत नव्हतं. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशनच्या खोलीला जनरेटर आहे. तुमचं मशीन तिकडं न्या."

मग जी पळापळ झाली! मी पडदा उचलला, वहिनीनं खोकं, कंपाउंडरनं वायरी. ऑपरेशनच्या खोलीबाहेर फरशीवरच मांडलं. मागच्या अंगणात जनरेटर फटफट करत सुरू झाला. मी गुडघ्यांवर बसून पहिल्यापासून फाइल चढवायला लागले. वहिनी माझ्या शेजारी बसून नुसती "चल, चल, चल" म्हणत होती, बैलाला म्हणावं तसं. चढली. चालू झाला. गट टाकला. एक नाव आलं, पुढं दुकानाचा पत्ता, दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर!

जीपची गरजच पडली नाही. कंपाउंडर पळत गेला आणि तो दुकानदार गळ्यातला टेप काढायचं विसरून तसाच आला. डॉक्टरीणबाईंनी आपल्या पद्धतीनं त्याचं रक्त तपासलं, जुळवलं. ते त्या कायमच करायच्या. "मशीनवर विसंबून मी कुणाला रक्त देत नाही," त्या नंतर मला म्हणाल्या. "तपासल्यावर चारठाण्याचा माणूस परत पाठवलाच असता. पण जायला-यायला वेळ गेला असता ना. तेवढा वेळ तिच्याकडे होता की नाही, मला नाही माहीत."

ऊन कलायला लागलं तेव्हा आतून निरोप आला की रक्त थांबलंय, बाई बोलायला लागलीय, पाणी मागतेय. वहिनी त्या फरशीवरच बसून रडली. दुकानदार दंडावर कापूस दाबून बाकावर बसलेला. त्याला वाटलं, ही त्या बाईची बहीण आहे, म्हणून तो तिची समजूत घालायला लागला. ती मान हलवत राहिली. मग तिनं आत जाऊन मुलगी बघितली. मला बोलावलं. कापडात गुंडाळलेलं लालबुंद तोंड, मुठी आवळलेल्या. आम्ही कोण, हे तिच्या आईला कुणी सांगितलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

परत जाताना एसटीत आम्हाला जागा मिळाली नाही. दांडा धरून उभ्या उभ्या आम्ही परभणीपर्यंत बोलत होतो. पॅकेज बनवणाऱ्यांनी पुढच्या वेळी स्वतःहून कळवावं म्हणून काय करायचं, नवीन आलं की तिन्ही ठिकाणी एकाच आठवड्यात कसं बदलायचं, काकांना आधी शिकवायचं की डॉक्टरीणबाईंना. शेजारच्या माणसाला वाटलं असेल, या बायका कुठल्या तरी लग्नाची तयारी करायल्यात.

त्यानंतर वहिनीनं नुसती नावं भरायचं काम सोडलं. क्लासमध्ये कुणीही प्रोग्राम लिहिला की तो आधी तिच्यापुढं ठेवायचा, अशी पद्धत पडली. ती खुर्चीत मांडी घालून बसायची आणि कुणाला सुचणार नाही ते टाकून बघायची. वयाच्या जागी गावाचं नाव, तारखेच्या जागी बत्तीस, नावाच्या जागी काहीच नाही. पोरं वैतागायची. "वहिनी, असं कोण टाकतंय?" म्हणायची. पुढच्याच महिन्यात तिनं सरांनी स्वतः लिहिलेला हजेरीचा प्रोग्राम नुसतं स्पेसचं बटण धरून ठेवून बंद पाडला. सर आधी चिडले, मग तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "परत करून दाखव बरं."